मालवणीचे सूर : वाघोटणपासून तेरेखोलपर्यंत

माझी सगळी नोकरी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत झाली. बदल्या होत गेल्या तशी मी वैभववाडीच्या डोंगरातून देवगडच्या किनाऱ्यावर, तिथून मालवणला आणि शेवटी दोडामार्गला, गोव्याच्या हद्दीपर्यंत येऊन पोचले. प्रत्येक शाळेत पहिलीच्या वर्गात समोर बसलेली मुलं मालवणीच बोलत होती. पण एका तालुक्यातली मालवणी दुसऱ्या तालुक्यात जशीच्या तशी कधी ऐकू आली नाही. शब्द थोडे बदलत, उच्चार त्याहून जास्त बदलत. हे बदल वाटेल तसे होत नाहीत, त्यांना नियम आहेत, आणि ते नियम पाच-सहा वर्षांची मुलं बिनचूक पाळतात, हे मला वर्गात उभं राहून कळत गेलं. त्याबद्दल सविस्तर लिहून ठेवावं असं निवृत्तीनंतर फार वाटू लागलं.

कान तयार झाले ते घरीच. माझी आई आचऱ्याची, म्हणजे मालवण तालुक्याच्या किनाऱ्याची. वडील वैभववाडी तालुक्यातल्या नाधवड्याचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे. दोघंही मालवणीच बोलत. आई म्हणायची, ‘तां माझां नाय.’ त्यातला ‘तां’ आणि ‘झां’ नाकातून स्पष्ट यायचा आणि वाक्याचं शेवटचं अक्षर ती किंचित लांबवायची. वडील तेच वाक्य ‘ता माजा नाय’ असं म्हणायचे, नाकातला सूर अगदी पुसट, ‘झ’चा ‘ज’ झालेला आणि वाक्य आखूड. आम्ही भावंडं आईशी एक आणि वडिलांशी दुसरी मालवणी बोलायचो. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं.

शिक्षिका झाल्यावर पहिल्यांदा लक्ष गेलं ते शब्दांच्या शेवटाकडे. प्रमाण मराठीत पुल्लिंगी शब्द ‘आ’वर संपतो : आंबा, घोडा, मोठा. मालवणीत तो ‘ओ’वर संपतो : आंबो, घोडो, मोठो. नपुंसकलिंगाचा शेवट मराठीत ‘अं’ असतो, मालवणीत तो ‘आं’ होतो : बरां, सगळां, मोठां घर. दिसायला हा फरक एका स्वराचा आहे. पण पुस्तक वाचणाऱ्या मालवणी मुलासमोर त्यामुळे खरी अडचण उभी राहते. पुस्तकात ‘मोठा आंबा’ असं छापलेलं असतं आणि त्याच्या कानाला ‘मोठा’ हे नपुंसकलिंगी वाटतं. देवगड तालुक्यातल्या शाळेत पहिलीतल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, ‘बाई, आंबो तो मा? मगे मोठा कित्या?’ आंबा जर ‘तो’ आहे, तर त्याला ‘मोठा’ का म्हणायचं? सहा वर्षांच्या मुलीनं विचारलेला हा व्याकरणाचा प्रश्न होता आणि तिच्या बोलीच्या हिशेबानं तो अगदी रास्त होता.

मग मी फळ्यावर दोन रकाने काढायला सुरुवात केली. डावीकडे घरचं, उजवीकडे पुस्तकातलं. डावीकडे मुलं सांगतील ते लिहायचं : घोडो, वाडो, वारो, इळो. उजवीकडे पुस्तकातलं : घोडा, वाडा, वारा, विळा. पाच-सहा शब्द झाले की मुलं पुढचे आपणच सांगत. ‘आं’ आणि ‘अं’ची जोडी लावायला थोडा जास्त वेळ लागे, पण तीही लागे. नियम मुलांनीच शोधलेला असल्यामुळे तो पक्का बसे. क्रियापदांचंही असंच. मालवणीत मुलगा म्हणतो ‘मी जातंय’ आणि मुलगीही म्हणते ‘मी जातंय’. प्रमाण मराठीत तिथे ‘जातो’ आणि ‘जाते’ असा भेद येतो. तो मुलांना वेगळा शिकवावाच लागतो, कारण त्यांच्या घरात तो नाही.

दुसरा नियम मला मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्यांत सापडला. वह्यांत ‘इचार’, ‘इसरलो’, ‘इद्यार्थी’, ‘येळ’ असे शब्द असत. शब्दाच्या सुरुवातीला ‘व’ असेल आणि त्याच्यामागोमाग इ किंवा ए हा स्वर असेल, तर मालवणी बोलणारा तो ‘व’ सोडतो. विचारचा इचार, विळ्याचा इळो, वेळची येळ. पण त्याच वह्यांत ‘वाट’ नेहमी ‘वाट’ असे आणि ‘वारो’ नेहमी ‘वारो’. ‘आट’ किंवा ‘आरो’ असं एकाही मुलानं कधी लिहिलं नाही. म्हणजे मुलांना ‘व’ उच्चारता येत नव्हता असं मुळीच नव्हतं. विशिष्ट स्वरांच्या आधी तो गळतो आणि इतरत्र राहतो, इतकं काटेकोर गणित होतं. याच्या उलट बाजूला ‘ओ’ आहे. प्रमाण मराठीत ‘ओ’नं सुरू होणारे कितीतरी शब्द मालवणीत ‘व’नं सुरू होतात. ओळख म्हणजे वळख, ओझं म्हणजे वझां, ओढणं म्हणजे वडूक. एकीकडे ‘व’ जातो आणि दुसरीकडे तो येतो. हे दोन्ही नियम शेजारी मांडून पाहिले तेव्हा मला फार आनंद झाला होता. अशी व्यवस्था कुणी एकानं बसून ठरवलेली नसते, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यातून घडत जाते.

तिसरी गोष्ट महाप्राणांची. ख, घ, थ, ध, भ या व्यंजनांतला हकार शब्दाच्या सुरुवातीला टिकतो, पण मध्ये आणि शेवटी सैल पडतो. धा, घर, भात यांच्यात तो आहे. पण दूध म्हणजे दूद, जीभ म्हणजे जीब, कधी म्हणजे कदी, आधी म्हणजे आदी. हा सैलपणा सगळीकडे सारखा नाही. वैभववाडीच्या घाटाकडच्या वाड्यांत काही घरांमध्ये ‘कधी’ चांगला ठळक ऐकू येतो. गगनबावड्याच्या घाटातून कोल्हापूरशी तिथला व्यवहार आणि सोयरीक आहे. माहेर घाटावरचं असलेली सून घरात आली की तिच्या मुलांच्या बोलण्यात हे हकार परत येतात. बोली कुठल्या रस्त्यानं चालते हे मला त्या वाड्यांत समजलं. ती बाजाराच्या आणि लग्नांच्या रस्त्यानं चालते.

देवगडला बदली झाल्यावर वेगळीच दुनिया कानावर पडली. विजयदुर्गच्या बाजूला वाघोटणची खाडी ही जिल्ह्याची हद्द आहे, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातला राजापूर तालुका. खाडी ओलांडली की मालवणी एकदम संपत नाही, राजापुरातही ती आहेच. पण जसजसं उत्तरेला जावं तसतशी संगमेश्वरी जवळ येते आणि तिथे अनेकांच्या तोंडी पाण्याचं ‘पानी’ होतं. आमच्याकडे ‘ण’ आणि ‘ळ’ घट्ट टिकून आहेत. पाणी, कोण, फळ, काळो हे उच्चार निरक्षर म्हातारीच्या तोंडीही स्वच्छ असतात. क्रियापदांचे शेवटही याच पट्ट्यात बदलतात. ‘त्याने केलं’ याला मालवण-कुडाळकडे ‘केल्यान’ म्हणतात. उत्तरेकडे ‘केलान’ ऐकू येतं. मधला एक ‘य’ एवढाच काय तो फरक, पण बोलणारा माणूस कुठून आला ते त्यावरून समजतं.

देवगडच्या किनाऱ्यावर एकाच गावात अनेक मालवणी आहेत हेही मी पाहिलं. गाबितवाडीतलं बोलणं भराभर आणि चढ्या आवाजातलं. समुद्रावर, होडीवरून होडीवर बोलायचं असतं, त्यामुळे स्वर लांब ओढले जातात आणि शेवटचं अक्षर गिळलं जात नाही. कुणब्यांच्या वाडीत तोच शब्द जरा दबका येतो. किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत कोकणीचा स्वतःचा वेगळा बाज आहे. चित्पावनी बोलणारी काही म्हातारी माणसं तेव्हा होती, पण त्यांच्या घरातली मुलं ती बोलत नव्हती. शाळेच्या एका वर्गात या सगळ्या घरांतली मुलं शेजारी शेजारी बसत आणि मधल्या सुट्टीत एकमेकांचे हेल उचलत. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र प्रत्येक मूल पुन्हा आपापल्या वाडीचं बोलणं घेऊन यायचं.

मालवण तालुक्यात आल्यावर मी आईच्या बोलीत परत आले. सर्जेकोट, दांडी, देवबाग या बाजूच्या बायकांच्या बोलण्यात नाकातले स्वर इतके स्पष्ट आहेत की ते वगळले तर वाक्य बिघडतं. ‘तां’ म्हणजे ते, नपुंसकलिंगी. ‘ता’ म्हटलं की ऐकणारी बाई थबकते. सर्जेकोटला एक मासळी विकणारी आजी माझ्या शाळेतल्या नातीला न्यायला यायची. मी तिच्याशी जरा शहरी वळणानं बोलले की ती म्हणायची, ‘गो बाय, माज्यावांगडा आमच्यासारखां बोल मगे.’ तिला माझं बोलणं कळत नव्हतं असं नाही. तिच्याशी तिच्या सुरात बोलणं हा तिला मान वाटायचा. त्यानंतर मी पालकांशी नेहमी त्यांच्या गावच्या मालवणीतच बोलत आले आणि शाळेत पाय ठेवायला संकोचणाऱ्या आया मोकळेपणानं येऊ लागल्या.

नाकातले स्वर, ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आणि वाक्याचा हेल या तीन गोष्टी देवनागरीत धड उतरत नाहीत. अनुस्वारानं नाकातला स्वर दाखवता येतो, पण लिहिणारा तो बहुधा गाळतो. ‘माझो’मधला ‘झ’ दातांजवळचा आणि ‘माझी’मधला टाळूचा, पण अक्षर एकच. आणि हेल लिहायला तर चिन्हच नाही. मालवणी माणूस विचारतो, ‘येतलंस मा?’ त्यातला ‘मा’ वर चढला तर ते आर्जव असतं. तो खाली आला तर ते आधीच ठरलेलं असतं, फक्त होकार हवा असतो. छापील मालवणी वाचताना हा सगळा आवाज वाचकाला आपल्या कानातून घालावा लागतो. ज्यानं तो ऐकलेला नाही, त्याला ती नुसती बिघडलेली मराठी वाटण्याचा धोका आहे.

हेल म्हणजे काय ते पुरतं ऐकायचं असेल तर देवळात गाऱ्हाणं ऐकावं. रवळनाथाच्या किंवा सातेरीच्या देवळात मानकरी देवापुढे उभा राहतो आणि गावाचं, घराचं, चाकरमान्यांचं सगळं मागणं एका लांब श्वासात मांडतो. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या गाऱ्हाण्यात क्रियापदं शेवटी येऊन थांबतात, नपुंसकलिंगाचा ‘आं’ पुन्हा पुन्हा येतो आणि त्यामुळे त्याला आपोआप ताल मिळतो. तिथे मालवणी गंभीर असते, अधिकारानं बोलते. दशावतारात तिची दुसरी बाजू दिसते. नाटकाची लिखित संहिता नसते, संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. देव आणि राजे पोथीतली मराठी बोलतात, पूर्वरंगातला संकासूर मालवणी बोलतो. माझ्या वर्गातली मुलं रात्रभर दशावतार बघून सकाळी दोन्ही आवाज हुबेहूब काढून दाखवत. कुठल्या प्रसंगी कुठली भाषा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

शेवटची बदली दोडामार्गला झाली आणि कानांना पुन्हा नव्यानं जुळवून घ्यावं लागलं. तिथून गोवा हाकेच्या अंतरावर आहे. बांद्यापासूनच सूर बदलायला लागतो. गोव्याच्या कोंकणीत ए आणि ओ या स्वरांचे आवळ आणि पसरट असे दोन-दोन प्रकार आहेत आणि त्यांच्यावरून अर्थ बदलतो. दोडामार्गच्या मुलांच्या बोलण्यात त्या पसरट स्वरांची चाहूल लागत असे. नपुंसकलिंगाचा शेवट तर नकाशावर रेघ मारावी इतका सरळ बदलतो. पुण्याची मराठी म्हणते ‘माझं’, मालवणी म्हणते ‘माझां’, गोव्याची कोंकणी म्हणते ‘म्हजें’. ‘त्याने केलं’ याचंही तसंच. आमच्याकडे ‘तेना केल्यान’, गोव्यात ‘ताणें केलें’. मालवणीत करणारा कोण ते क्रियापदाच्या शेपटीलाही चिकटतं, कोंकणीत चिकटत नाही. आरोंद्याजवळ किरणपाणीला तेरेखोल नदीवर पूल आहे. पुलाच्या पलीकडे पेडणे तालुका. तिथे ‘मिया’चं ‘हांव’ होतं, पण ‘माका’ आणि ‘तुका’ दोन्ही तीरांवर तेच राहतात. पेडणे महाल 18व्या शतकाच्या अखेरपर्यंत सावंतवाडी संस्थानात होता. नदीच्या दोन्ही तीरांची बोलणी इतकी लागून का आहेत, त्याचं एक उत्तर या इतिहासात आहे.

दोडामार्गला असतानाच माझी भाची माझ्याकडे राहायला आली. ती पुण्यात भाषाशास्त्र शिकत होती आणि प्रबंधासाठी तिला मालवणीचे आवाज ध्वनिमुद्रित करायचे होते. तिनं सोबत डॉ. अ. मा. घाटगे यांच्या पुस्तकाची प्रत आणली होती. घाटगे हे डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचे प्रमुख संपादक. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं मराठी बोलींच्या पाहणीची त्यांची जी मालिका काढली, तिच्यात 1965 साली कुडाळीवरचं हे पुस्तक प्रसिद्ध झालं. आपण ज्याला मालवणी म्हणतो त्याला अभ्यासक कुडाळी म्हणत आले आहेत. मी वह्यांमधून आणि वर्गांतून जे वेचलं होतं, तसल्याच स्वरांची आणि व्यंजनांची शिस्तशीर मांडणी एका मोठ्या विद्वानानं माझ्या जन्माच्या आसपास करून ठेवली होती, हे बघून ऊर भरून आला. आपल्या आवशीच्या बोलण्याला ग्रंथात जागा आहे, ही जाणीव फार मोठी असते.

भाचीकडूनच मला मालवणीच्या घराचा वाद कळला. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड 1905 साली निघाला. त्यात कुडाळी कोंकणीच्या कुळात बसवलेली आहे. घाटग्यांच्या मालिकेचं नाव मात्र मराठी बोलींची पाहणी. जनगणनेत मालवणी कोंकणीखाली मोजली जाते. कोंकणीला 1975 साली साहित्य अकादमीची मान्यता मिळाली आणि 1992 साली ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. मालवणी बोलणारा माणूस मात्र स्वतःची भाषा विचारली की बहुधा ‘मराठी’ सांगतो. मला स्वतःला या वादात कुठल्याच बाजूला उभं राहावंसं वाटत नाही. ‘ओ’वर संपणारं पुल्लिंग, ‘माका’, ‘तुका’ आणि ‘करूक’, ‘जावक’ यांसारखी रूपं तिला दक्षिणेकडे नेतात. ‘मी’, ‘माझां’, ‘काय’ तिला उत्तरेकडे बांधतात. दोन भाषांच्या मधल्या मुलखात जी बोली वाढते, ती दोघींची असते आणि तिची स्वतःचीही असते.

ध्वनिमुद्रणासाठी आम्ही दोघी माझ्या जुन्या शाळांच्या गावांत फिरलो. ओळखीमुळे दारं उघडत. भाची शब्दांची यादी घेऊन बसायची : मुलगा, मुलगी, दूध, विळा, ओझं, पाणी, काल, उद्या. झील आणि चेडू हे शब्द जवळपास सगळीकडे मिळाले, पण ‘चेडू’मधला ‘ड’ कुठे जिभेवर रेंगाळे, कुठे झटकन निघून जाई. यादी संपली की ती यंत्र चालूच ठेवायची आणि म्हणायची, ‘आता तुझी लगीन होऊन इल्याची गजाल सांग गे आजये.’ खरी बोली तिथून सुरू व्हायची. यादीच्या वेळी ‘दूध’ म्हणणारी आजी गजालीत शिरली की ‘दूद’ म्हणायची. एका आजीनं नवऱ्याच्या होडीची वाट बघत काढलेल्या रात्रीबद्दल सांगितलं तेव्हा तिचा हेल पूर्ण बदलला. शब्दाच्या शेवटचे स्वर थरथरत लांबले. भाचीनं मान खाली घातली आणि लिहिणं थांबवलं. यंत्र तेवढं चालू राहिलं.

रात्री ती मला जगातल्या इतर छोट्या भाषांबद्दल सांगायची. प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनिया ही बेटं आहेत. फ्रान्सची सत्ता असलेल्या त्या बेटांवर कनाक लोकांच्या 28 भाषा आहेत. काही भाषा हजारो माणसं बोलतात, काहींचे बोलणारे शेकड्यांतच उरलेत. एका दरीतली बोली शेजारच्या दरीत बदलते. पैसी आणि सेमुही या भाषांत आवाज चढा की उतरता यावर शब्दाचा अर्थ ठरतो, आणि त्यांच्या विस्तीर्ण भाषाकुळात ही गोष्ट दुर्मीळ आहे. शाळांतून या भाषांना फार काळ जागाच नव्हती. 1998 सालच्या नुमेआ करारानं त्यांना फ्रेंचच्या जोडीनं शिक्षणाच्या आणि संस्कृतीच्या भाषा मानलं आणि 2007 साली त्यांच्यासाठी स्वतंत्र अकादमी उभी राहिली. हे ऐकताना मला आमचे खाडीपासून खाडीपर्यंतचे पट्टे आठवत होते. सिंधुदुर्गाची लोकसंख्या 2011च्या गणनेत साडेआठ लाखांच्या जवळ होती. मालवणीला एवढ्यात मरण नाही. पण तिच्या आतले बारीक फरक, आचऱ्याचा नाकातला सूर, नाधवड्याचा तुटकपणा, हे कनाक भाषांइतकेच नाजूक आहेत. बोली राहील आणि तिचे पोटभेद जातील, असं होऊ शकतं.

ते होताना मी पाहिलंही आहे. मुंबईत लालबाग-परळच्या गिरणगावात एकेका गावाच्या खोल्या असत आणि तिथे गावचे लोक एकत्र राहत. त्यामुळे चाकरमान्यांची बोली पक्की राहायची. 1982च्या संपानंतर गिरण्या उतरणीला लागल्या, माणसं दूरच्या उपनगरांत पांगली आणि पुढच्या पिढीचं घरातलं बोलणं बदललं. गणपतीला गावी येणारी नातवंडं मालवणी समजतात, बोलताना मात्र तिच्यात मराठीचे शेवट घालतात. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ 1980 साली रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळी यांनी ते देशापरदेशात नेलं आणि मालवणीला उभ्या महाराष्ट्राचे कान मिळवून दिले. मालवणी माणसाची मान त्या नाटकानं उंच केली, हे ऋण मोठं आहे. त्यानंतर पडद्यावर आणि वाहिन्यांवर एक सरासरीची मालवणी तयार झाली. ती सगळ्या तालुक्यांची आहे आणि नीट बघितलं तर कुठल्याच वाडीची नाही. ती बहुतेक वेळा हसवायला येते. ज्या बोलीत देवाला गाऱ्हाणं घालतात, जमिनीचा तंटा गावच्या बैठकीत मांडतात आणि गेलेल्या माणसासाठी रडतात, तिचे हे आवाजही नव्या मुलांच्या कानावर पडायला हवेत.

नव्या मुलांमध्ये सगळ्यात आधी काय जातं, ते मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत लक्ष देऊन ऐकलं. आधी नाकातले स्वर जातात. ‘तां’चं ‘ता’ होतं आणि मग ‘ते’. मग ‘इळो’च्या जागी ‘विळो’ येतो, म्हणजे शेवट मालवणी आणि सुरुवात पुस्तकी. ‘माका’ आणि ‘तुका’ सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतात. हेलही बराच टिकतो. इंग्रजी माध्यमातली मुलगी इंग्रजी बोलतानाही वाक्याच्या शेवटी तोच चढ घेते, तेव्हा मला तिची आजी ऐकू येते.

माझ्या अनुभवावरून शिक्षकांना मी एवढंच सांगते की, मूल ‘मोठो’ म्हणतं तेव्हा ते नियम पाळत असतं. त्या नियमाचं नाव त्याला सांगावं आणि पुस्तकातला नियम त्याच्या शेजारी ठेवावा. माझ्या वर्गातली मुलं या रीतीनं प्रमाण मराठी लवकर शिकली, कारण शिकताना त्यांना आपलं घर विसरायला लागलं नाही. नव्या शिक्षकाची बदली झाली की त्याला त्या तालुक्याच्या उच्चारांची दोन पानांची माहिती मिळाली, तर पहिलीचं पहिलं सहामाही सत्र कितीतरी सोपं जाईल. अशी पानं मी माझ्या चारही तालुक्यांसाठी तयार केली आहेत आणि मागेल त्या शिक्षकाला देते.

दुसरं काम घराघरातलं आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी महाराष्ट्रातल्या बोलींचं सर्वेक्षण करून आवाज आणि नकाशे जमवले आहेत, ते मोलाचं आहे. पण कुठलाही सर्वेक्षक प्रत्येक वाडीत पोचू शकत नाही. मोबाइल मात्र प्रत्येक घरात आहे. आजी बोलायला बसली की तो चालू करावा. यादी नको, तिची गजाल घ्यावी. ध्वनिफितीला गाव, वाडी, आजीचं माहेर आणि वर्ष एवढं लिहून ठेवावं. माहेर लिहायला विसरू नये. बायका लग्नाच्या रस्त्यानं बोली घेऊन येतात आणि पुढच्या पिढीचा सूर त्यांच्या मांडीवर ठरतो. माझ्या आईचा आवाज माझ्याकडे ध्वनिमुद्रित नाही, तेव्हा साधनच नव्हतं. आता साधन आहे, आज्या आहेत आणि त्यांचं ऐकणारी नातवंडंही आहेत. हे तिन्ही एकाच वेळी हाताशी असण्याचा काळ लांबणारा नाही, म्हणून येत्या गणपतीच्या सुट्टीत घरोघरी हे काम व्हावं, अशी माझी सगळ्या मालवणी माणसांना कळकळीची विनंती आहे.